नाव लपवून सडा वाचत नाही

पावसाळा लागला की कोकणातल्या हौशी छायाचित्रकारांमध्ये एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. कुणीतरी आडबाजूच्या पुळणीचे (वाळूच्या किनाऱ्याचे), एखाद्या वहाळावरच्या धबधब्याचे किंवा फुललेल्या सड्याचे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराचे, छायाचित्र लोकांसमोर ठेवतो, खाली गावाचे नाव लिहितो आणि लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, नाव सांगणाऱ्याने त्या जागेचा घात केला. आता येत्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल, बाटल्यांचा खच पडेल आणि दोन वर्षांत ती जागा ओळखू येणार नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, गावात पर्यटक आला तरच घरगुती खाणावळी चालतील, मुंबईला गेलेली मुले परत येतील, आणि निसर्गावर कुणा एकाची मालकी नसते. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण छायाचित्र म्हणजे जाहिरात हे दोघांनीही मनोमन धरलेले असते. ती जाहिरात थांबवायची की वाढवायची, एवढाच काय तो मतभेद.

मला हे गृहीतच मान्य नाही. कोकणातल्या माणसाने आपल्या परिसराची छायाचित्रे गावाच्या नावासकट, तारखेसकट आणि वर्षानुवर्षे त्याच जागेवरून काढली पाहिजेत, असे माझे मत आहे. मोजके अपवाद सोडले तर नाव लपवल्याने कोणतीही जागा वाचत नाही. उलट जिची नोंद नाही ती जागा गेली तरी गेली हे सिद्ध करता येत नाही. आपण काढलेले छायाचित्र दहा वर्षांनी कुणाला दाखवले, तर ते कशाचे, कुठले आणि केव्हाचे हे त्यावरून कळेल का? वाद व्हायचाच असेल तर या प्रश्नावर व्हावा.

नाव लपवा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. हर्णै, मुरूड, केळशीच्या पुळणीवर भरधाव चालवलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांचा संताप खरा आहे. ज्या वाळूत कासवीण अंडी घालते त्याच वाळूत चाकांचे चर पडतात. आंबोलीच्या घाटात पावसाळी रविवारी होणारी कोंडी, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या वाड्यांवर पर्यटकांच्या अंघोळीसाठी येणारे टँकर, कातळावर फुटलेल्या काचा हे सारे गावाला सोसावे लागते. ज्याने छायाचित्र टाकले त्याला नाही. शिवाय छायाचित्रामागून नुसता पर्यटक येत नाही, जमिनीचा दलालही येतो. ‘समुद्रदर्शन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भूखंडांच्या जाहिरातींत जी दृश्ये वापरली जातात, ती बहुधा गावातल्याच एखाद्या पोराने हौसेने टिपलेली असतात. आपल्या हौसेचा असा उपयोग होणार असेल तर गप्प बसलेले बरे, असे कुणाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

इतिहासही वरकरणी याच बाजूने साक्ष देतो. १८१९ साली अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली, आणि त्यानंतरच्या काळात येणाऱ्याजाणाऱ्यांनी भिंतींवर नावे कोरली, रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे खरवडून नेले. कळली नसती तर वाचली असती, हा युक्तिवाद त्यातून सहज उभा राहतो. पण अजिंठ्याचे नुकसान नाव कळल्यामुळे झाले की नाव कळूनही राखण न बसवल्यामुळे? वटवाघळांची विष्ठा, झिरपणारे पाणी आणि गोसाव्यांच्या धुन्यांचा धूर हे शत्रू १८१९ च्या आधीही कामाला लागलेले होतेच. त्यांची तक्रार करायला तेव्हा कुणी नव्हते, इतकेच. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे राबून केलेल्या चित्रांच्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तरीही जे उरले, जे पुढे पुन्हा नकलले गेले आणि जे कॅमेऱ्याने टिपले गेले, त्यावरूनच आज आपण सांगू शकतो की या भिंतीवर इथे अमुक होते आणि आता नाही. नोंद झाली म्हणून लेणी बिघडली, असे म्हणणे म्हणजे राखणीतल्या हयगयीचा दोष नोंदीच्या माथी मारणे होय.

आणि लपवायचे ते नेमके कुणापासून? ज्याला सड्यावर चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) काढायची आहे, त्याला आपल्या छायाचित्राची गरज नसते. त्याच्याकडे सातबारा असतो, गटनंबर असतो, उपग्रहावरून दिसणारा नकाशा असतो आणि गावात ओळखीचा माणूस असतो. प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्याचेही तसेच. म्हणजे नाव लपवल्याने अंधारात राहतो तो फक्त सामान्य वाचक, ज्याला ती जागा माहीत असती तर ती जाताना त्याने निदान प्रश्न विचारला असता. सरकारी दप्तरात कातळाची नोंद ‘पोटखराब’ अशी होते. लागवडीच्या दृष्टीने ती चूक नाही, पण पुढे त्याच शेऱ्याचा अर्थ ‘इथे काहीच नाही’ असा लावला जातो. इथे काय आहे ते दाखवणारे एकही नावनिशीचे छायाचित्र जर उपलब्ध नसेल, तर त्या शेऱ्याला उत्तर कशाने द्यायचे?

कातळशिल्पांचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी जांभ्यात प्राणी, माणसे आणि अर्थ न लागलेल्या आकृत्या खोदून ठेवल्या. गुराख्यांना त्या ठाऊक होत्या. कुठे त्यांना पांडवांची करणी म्हणत, कुठे देवाची जागा. म्हणजे नाव गुप्त राहण्याचा प्रयोग इथे शतकानुशतके झालेलाच होता. त्या काळात किती आकृत्या चिरेखाणींत फुटल्या, किती रस्त्यांखाली आणि कलमांसाठी टाकलेल्या मातीखाली गेल्या, याचा हिशेब आज कुणीही देऊ शकत नाही, कारण त्या होत्या याचीच नोंद नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून, मापे घेऊन, छायाचित्रे काढून ही शिल्पे नावनिशीवार पुढे आणली, तेव्हा कुठे परिस्थिती बदलू लागली. उक्षीच्या हत्तीच्या कातळशिल्पाभोवती संरक्षक भिंत झाली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ स्थळे गेली: रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसमाळ. यादीत नाव आले म्हणजे सगळे सुरक्षित झाले असे नाही, हे मी जाणतो. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणावरून संघर्ष पेटला, तेव्हा तिथल्या कातळशिल्पांचे काय, हा प्रश्न सगळ्या बाजूंना विचारावा लागला. प्रकल्पाच्या बाजूने असा की विरोधात, त्या प्रश्नाला टाळून कुणाला पुढे जाता आले नाही. दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारलाही गेला नसता.

आंबोलीचे उदाहरण याहून ताजे आणि लहान आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात एक इवलासा मासा आढळला. २०२० साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला नावही नदीचेच मिळाले, शिस्टुरा हिरण्यकेशी. ठिकाण लपवण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यानंतर अल्पावधीतच, २०२१ मध्ये, राज्य शासनाने तो परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. वेळासची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्यापूर्वी वेळासचे नाव बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते आणि अंडी सर्रास उकरून नेली जात होती. आज ते नाव महाराष्ट्रभर झाले आहे, पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, आणि अंडी राखली जातात. नाव झाल्याने कासवे संपली नाहीत. नावाबरोबर नियम आले, राखण आली, आणि घराघरांत त्यातून चार पैसे येऊ लागल्यामुळे राखणीला गावाचे पाठबळ मिळाले.

तरीही एक आक्षेप उरतोच: इतकी छायाचित्रे रोज निघतात, मग नोंद आपोआप होतेच आहे, वेगळे काय करायचे? दुर्दैवाने होत नाही. आरे-वारेच्या वळणावरून खाली दिसणाऱ्या दोन पुळणी, गणपतीपुळ्याचे देऊळ ड्रोनमधून, माडांच्या झावळ्यांमागे बुडणारा सूर्य, भरतीच्या पाण्यात उभा सिंधुदुर्ग. ही चारपाच दृश्ये हजारो वेळा निघतात आणि त्यांवरून ते वर्ष कोणते हेसुद्धा सांगता येत नाही, कारण काळाची खूण चौकटीत येऊ नये याचीच काळजी घेतलेली असते. विजेचा खांब टाळायचा, प्लास्टिकने झाकलेली होडी टाळायची, नवा बंधारा टाळायचा. मग उरते ते सुंदर असते, पण त्याला तारीख नसते.

तारखेचे महत्त्व सड्याइतके दुसरीकडे कुठेच कळत नाही. मे महिन्यात सड्यावर उभे राहून छायाचित्र काढा: काळा पडलेला कातळ, वणव्यात जळालेले गवत आणि दूरवर थरथरणारी उन्हाची झळ. या छायाचित्राखाली ‘पडीक जमीन’ असे लिहिले तर कुणालाही पटेल. त्याच जागी पहिल्या पावसानंतर दीपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात, आणि श्रावण-भाद्रपदात तर पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. कातळाच्या खोलगट भागात बोटभर मातीवर पाण्याचा पातळ थर साचलेला असतो आणि त्यातून सीतेची आसवे उगवून निळ्याजांभळ्या फुलांची चादर पसरते. गुडघे टेकून जवळून पाहिले तर त्यांच्यामध्ये दवबिंदूची नाण्याएवढी लालसर रोपे दिसतात. त्यांच्या केसांवरच्या चिकट थेंबांत एखादे चिलट अडकलेले असते. दोन्ही वनस्पती कीटक खाऊन जगतात, कारण या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. आता सांगा, प्रकल्प अहवालात यातले कोणते छायाचित्र लागते? अर्थातच मे महिन्यातले. ते खोटे नसते, पण त्यावर महिना लिहिलेला नसतो. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे असलेले छायाचित्र ‘निसर्गाची किमया’ अशा मथळ्याखाली फिरत असेल, त्यावर गाव नसेल आणि महिना नसेल, तर ते त्या अहवालासमोर ठेवून उपयोग काय?

कातळशिल्प टिपणाऱ्यालाही वेळेचे भान लागते. भर दुपारी कशेळीच्या त्या सुमारे अठरा मीटरांच्या हत्तीसमोर उभे राहिले तरी त्याचा आकार नीट हाती लागत नाही, कारण डोक्यावरच्या उन्हात उथळ रेषा पुसल्यासारख्या होतात. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर तिरपा प्रकाश पडला की रेषांच्या कडेला सावली धरते आणि त्या अवाढव्य पोटात कोरलेले इतर प्राणी एकेक करून उमटू लागतात. ही वेळ साधण्याचा धीर नसला की रेषांत खडू किंवा रंग भरण्याचा मोह होतो, आणि तो शिल्पाला अपाय करणारा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवली, उत्तर दिशा लिहिली आणि पायातले जोडे आकृतीबाहेर काढले, तर साध्या फोनवरचे छायाचित्रही अभ्यासाच्या कामी येते.

विजयदुर्गाचे उदाहरण इथे आठवते. हेलियम या मूलद्रव्याचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लागला आणि तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावर दुर्बीण मांडून लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. प्रत्यक्षात १८६८ च्या त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले होते आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होते. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. ती मोहीम कमी महत्त्वाची नाही: सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यासाठी नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून किल्ल्याच्या परिसरात उपकरणे उभी केली गेली, आणि तिचे अहवाल तारीखवार प्रसिद्ध आहेत. पण आपण ते वाचले नाहीत, जागा लक्षात ठेवली आणि साल विसरलो, म्हणून तीस वर्षांचे अंतर पुसले गेले आणि एक खरी घटना दुसऱ्या खऱ्या घटनेत मिसळून गेली. सव्वाशे वर्षांनी आपल्या आजच्या छायाचित्रांचे असेच होणार नाही कशावरून?

आता यातला सर्वांत अवघड भाग. नोंद करायची तर सुंदर तेवढे टिपून चालत नाही, आणि इथे हौशी छायाचित्रकार अडखळतो. मी कलावंत आहे, पंचनामा करणारा तलाठी नव्हे, असे तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याला खाडीवरच्या धुक्याचे वेड लागत नाही तो त्या खाडीसाठी भांडायलाही जात नाही. प्रेमाची सुरुवात सौंदर्यापासून होते हे मला मान्य आहे, आणि सूर्यास्ताची छायाचित्रे काढू नका असे मी कुणालाही सांगणार नाही. पण आपल्या प्रदेशावर प्रेम करणाऱ्याने त्याचे जखमी रूप टाळावे का? १८८३ साली इंग्रजी लेखक जेम्स डग्लस यांनी रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीची दैना लिहून प्रसिद्ध केली. ते वर्णन वाचून इकडे माणसे अस्वस्थ झाली, आणि १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीसाठी निधी उभारण्याची चळवळ चालवली. गडाच्या भव्यतेची स्तुती डग्लस यांच्याआधीही पुष्कळांनी केली असेल. लोकांना हलवले ते झाडाझुडपांत बुडालेल्या, दुर्लक्षित समाधीच्या वर्णनाने.

आजच्या कोकणात तसे पाहायला नको वाटणारे पुष्कळ आहे, आणि ते दिसेनासे होण्याआधी टिपायला हवे. जुन्या देवळांचेच पाहा. जांभ्याचा चौथरा, उतरते कौलारू छप्पर, सभामंडपाचे कोरीव लाकडी खांब, तुळयांवरची वेलबुट्टी अशी शेकडो देवळे या पट्ट्यात होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ती एकामागून एक उतरवली जात आहेत आणि त्या जागी सिमेंटचा स्लॅब, चकचकीत लाद्या आणि ऑइलपेंटचे खांब येत आहेत. गावकऱ्यांना यात दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत: छप्पर दरसाल गळते, वाळवी लागते, कौले शाकारायला माणूस मिळत नाही, जुने काम जाणणारा सुतार उरला नाही, आणि मुंबईकरांनी वर्गणी काढली आहे ती नव्या बांधकामासाठी. ते देऊळ पाडू नका असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्याला क्वचितच असतो. मात्र पहिले कौल उतरण्याआधी प्रत्येक खांबाची चारही बाजूंनी, तुळयांची खालून आणि गाभाऱ्याच्या चौकटीची समोरून छायाचित्रे काढून ठेवायला कुणाची हरकत असते? मी तरी असा गाव पाहिलेला नाही, जिथे देवस्थानच्या मानकऱ्यांनी असे विचारल्यावर नकार दिला. विचारले जात नाही, हीच खरी अडचण आहे. कॅमेरा घेऊन येणारा पालखी आणि शिमग्याचे खेळे टिपतो आणि ज्या मंडपात तो उभा असतो त्याच्या खांबाकडे पाठ करतो.

अशा साध्या, शोभा नसलेल्या छायाचित्रांची किंमत आपत्तीनंतर कळते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. भरपाईसाठी पंचनामे सुरू झाले, पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले, आणि मग वाडीत उभी किती होती याला महत्त्व आले. पोफळ पडली की तिच्याखाली दुसरी पडलेली असते. रस्ता मोकळा करताना काही तोडून बाजूला केलेली असतात. मोजणीला माणूस येईपर्यंत खुणा उरत नाहीत. ज्या वाडीचे बांधावरून काढलेले एखादे साधे छायाचित्र होते, तिच्या मालकाचे म्हणणे कागदावर आधीच अर्धे सिद्ध होते. चिपळुणातही तेच. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांत वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले, नदीच्या पात्रात गाळाची बेटे केव्हापासून वाढली, निळी आणि लाल पूररेषा कुठून जावी, हे वाद अजून मिटलेले नाहीत. त्यात सर्वांत भक्कम पुरावा ठरतो तो भिंतीवरची चिखलाची रेघ, शेजारी उभा माणूस आणि तारीख दाखवणारे छायाचित्र. पुलावरून दरवर्षी मे महिन्यात त्याच कठड्याशी उभे राहून पात्राचे एक छायाचित्र काढायला कितीसा वेळ लागतो? अशी वीस वर्षांची मालिका गावाकडे असती, तर गाळाबद्दलची निम्मी चर्चा करावीच लागली नसती.

अपवादांबद्दल मी मोघम बोलू इच्छित नाही, कारण नाव लपवा म्हणणाऱ्यांचे सर्वांत बळकट म्हणणे तिथेच आहे. जे माणसाला उचलून नेता येते, किंवा जे माणसाच्या नुसत्या जवळ जाण्याने उधळते, त्याची नेमकी जागा सांगू नये. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांतल्या गुहेत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत. लाळेपासून बनणारी ही घरटी परदेशात खाण्यासाठी विकली जातात आणि त्यांची चोरी झालेली आहे. समुद्री गरुडाचे घरटे, खवले मांजराचे बीळ, दुर्मीळ आमरी (ऑर्किड), दीपकाडीचे कंद यांचेही तसेच. इथे तालुक्याचे नाव पुरे. नेमकी जागा वनखात्याला आणि अभ्यासकाला कळवावी. नोंद करणे आणि ती चव्हाट्यावर मांडणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवता येतात. सड्यावर टिटवीची अंडी दिसली तर छायाचित्रासाठी घुटमळूच नये, कारण आपण तिथे उभे असेपर्यंत अंडी उन्हात उघडी राहतात. कासवाच्या पिल्लांवर फ्लॅश मारणे हा तर गुन्हाच मानला पाहिजे, कारण ती प्रकाशाच्या रोखाने समुद्र शोधतात. पण या अपवादांचे कवच सगळ्या कोकणाला घालायचे कारण नाही. धबधबा कुणी पिशवीत घालून नेत नाही. त्याच्याकडे जाणारी गर्दी ग्रामपंचायतीला वाहनतळ, शुल्क आणि संख्येची मर्यादा घालून आवरता येते. कास पठारावर तसे नियम करावे लागले आणि ते पाळलेही जातात.

माणसांच्या बाबतीत मात्र वेगळी मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू असताना मासळीच्या टोपल्यांमागे बसलेल्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारा तिला विचारत नाही, तिचे छायाचित्र पुढे कुठे जाते हे तिला कळत नाही. किल्ल्याला, देवळाला, सड्याला नाव द्यावे. माणसाला त्याच्या संमतीशिवाय देऊ नये, आणि घेतलेले छायाचित्र त्याला दाखवावे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी त्यात होते. म्हणजे हे यंत्र आपल्या माणसांच्या हाती फार लवकर आले. तरी गावाकडचा माणूस छायाचित्रात आला तो बराच काळ दुसऱ्याच्या नजरेतून. आता प्रत्येक वाडीत फोन आहे. मासळीच्या लिलावाची नोंद त्याच बंदरावरच्या मुलीने करावी, हे आज शक्य आहे.

राहिला प्रश्न टिकवण्याचा. फोनवरची छायाचित्रे फोनबरोबर जातात, आणि व्हॉट्सॲपवरून फिरताना त्यांच्या पोटातली तारीख व ठिकाणाची माहिती गळून पडते. म्हणून छायाचित्राबरोबर वेगळे लिहून ठेवावे: गाव, वाडी, तारीख, कुठे उभे राहून आणि कोणत्या दिशेला तोंड करून ते काढले. ही नोंद ठेवण्याची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे आहे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. कोकणातल्या बहुतेक मोठ्या गावांत असे एक वाचनालय आहे आणि तिथे येणाऱ्या माणसांना आपला परिसर पाठ आहे. जुने छायाचित्र पाहून ही कुणाची पडवी, हा कोणता पार, हे सांगू शकणारी पिढी अजून हयात आहे. हे काम पुढे ढकलले तर छायाचित्रे मिळतील, पण ती कशाची हे सांगणारे मिळणार नाहीत. चिपळूणच्या वाचनालयात २०२१ च्या पुराचे पाणी शिरले आणि ग्रंथांचे अतोनात नुकसान झाले, त्यामुळे एकाच कपाटावर विसंबून चालणार नाही. चिपळूणच्या छायाचित्रांची एक प्रत रत्नागिरीत आणि रत्नागिरीच्या छायाचित्रांची एक प्रत चिपळुणात, पूररेषेच्या वर, अशी व्यवस्था दोन वाचनालयांना आपसांत ठरवता येईल आणि त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.